किंमत टॅक्ससह की टॅक्सशिवाय? बिलिंग अॅपमध्ये फील्डला नाव देताना ही चूक करू नका



मी देऊळगाव राजाचा. बुलढाणा जिल्ह्यात असलो तरी आमच्या गावाची बाजारपेठ जालन्याशी जोडलेली. माझ्या मामाचं इथे मोबाइल अॅक्सेसरीज आणि जनरल सामानाचं दुकान आहे. कॉलेजात असताना मी त्याच दुकानासाठी एक छोटं बिलिंग अॅप बनवलं होतं. मागे गुगल शीट, पुढे मोबाइलवर चालणारी साधी स्क्रीन. वस्तू निवडा, नग टाका, बिल तयार. त्या शीटमध्ये एका कॉलमला मी नाव दिलं होतं ‘प्राइस’. फक्त ‘प्राइस’.

या एका शब्दामुळे मामाच्या खिशातून तीन महिन्यांत १९,४४० रुपये जास्तीचे गेले. कोडमध्ये एकही एरर नव्हता. अॅप एकदाही बंद पडलं नाही. चूक फक्त नावात होती.

आजच्या लेखात आपण पाहू की टॅक्स असलेल्या किमतींना सॉफ्टवेअरमध्ये नाव कसं द्यायचं, कोणती नावं टाळायची, आणि आतून टॅक्स काढायचं गणित नेमकं कसं असतं. तुम्ही कोडिंग करत नसाल आणि फक्त एक्सेल, गुगल शीट किंवा तयार बिलिंग अॅप वापरत असाल, तरीही हा लेख तुमच्या कामाचा आहे.

(एक सूचना: लेखात फील्डची नावं मी देवनागरीत लिहितोय. कोडमध्ये तुम्ही ती इंग्रजी अक्षरांत लिहाल.)

नेमकं काय चुकलं होतं?

पहिल्या दिवशी एका गिऱ्हाइकाने चार्जर घेतला. डब्यावर एमआरपी ५९० रुपये. अॅपने बिल काढलं ६९६ रुपये २० पैसे. गिऱ्हाईक चिडून निघून गेलं. मामा म्हणाले, ‘अरे, डब्यावर पाचशे नव्वद छापलेत अन् तुझा मोबाइल सहाशे शहाण्णव सांगतोय. गावात राहायचंय आपल्याला!’

झालं असं, की मामांनी ‘प्राइस’ मध्ये डब्यावरची किंमत भरली होती. मी मात्र कोड लिहिताना ‘प्राइस’ म्हणजे टॅक्सआधीची किंमत असं धरून त्यावर १८ टक्के लावले. मामाच्या जागी कुणीही असतं तरी तेच भरलं असतं, कारण काउंटरवर किंमत म्हणजे डब्यावरची किंमत.

मी त्याच रात्री टॅक्स लावणारी ओळ काढून टाकली. बिलं बरोबर यायला लागली. मला वाटलं, संपला विषय. खरं तर तिथूनच सुरू झाला.

महिन्याचा रिपोर्ट बनवणारी फाइल वेगळी होती. तिथे ‘प्राइस’ अजूनही टॅक्सआधीची किंमत समजली जात होती. तोच रिपोर्ट सीएंकडे जायचा. महिन्याची विक्री समजा २,३६,००० रुपये, सगळी १८ टक्क्यांची. त्यात टॅक्स आधीच धरलेला आहे, म्हणजे खरा टॅक्स ३६,०००. रिपोर्टने पूर्ण २,३६,००० वर १८ टक्के लावून ४२,४८० दाखवले. फरक ६,४८० रुपये, दर महिन्याला. जास्तीचा टॅक्स गिऱ्हाइकाकडून घेतलेलाच नव्हता, त्यामुळे तो मामाच्या नफ्यातून गेला. असे तीन महिने गेले. नंतर सीएंनी पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती केली, पण तोपर्यंत पैसा अडकून पडला होता आणि मामा नफा का घटला म्हणून मालाचा हिशेब पुन्हा पुन्हा लावत होते.

तिसरा घोळ जालन्याच्या मालाचा. होलसेलमध्ये रेट सांगतात तो बहुतेक वेळा ‘जीएसटी एक्स्ट्रा’ असतो. इअरफोन २५० अधिक जीएसटी. मामांनी हिशेब केला, ३०० अधिक जीएसटी लावू, म्हणजे ३५४ ला विकू, नगामागे ५० सुटतील. ‘प्राइस’ मध्ये ३०० भरले. मी टॅक्स लावणं बंद केलं होतं, म्हणून अॅपने ३०० लाच विकले. त्यातून टॅक्स बाजूला काढला तर उरतात २५४ रुपये २४ पैसे. म्हणजे नफा ५० च्या जागी ४ रुपये २४ पैसे.

बघा, एकच कॉलम. मामांसाठी कधी टॅक्ससह, कधी टॅक्सशिवाय. बिलासाठी टॅक्ससह. रिपोर्टसाठी टॅक्सशिवाय. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता. नाव मात्र काहीच सांगत नव्हतं.

एका वस्तूला किती किमती असतात?

आपण बोलताना ‘किंमत’ किंवा ‘रेट’ म्हणतो, पण सॉफ्टवेअरसाठी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत:

- एमआरपी: पॅकेटवर छापलेली कमाल किरकोळ किंमत. २०११ च्या पॅकेज्ड कमॉडिटीज नियमांनुसार यात सगळे टॅक्स धरलेले असतात, आणि दुकानदाराला यापेक्षा जास्त घेता येत नाही. ही मर्यादा आहे. विक्रीची किंमत यापेक्षा कमी असू शकते.
- करासह विक्री किंमत: गिऱ्हाईक प्रत्यक्षात देतं ती रक्कम.
- करपात्र मूल्य: ज्या रकमेवर जीएसटी लागतो ती. सवलत बिलात दाखवली असेल तर ती वजा करून उरलेली.
- कराची रक्कम: रुपयांत किती टॅक्स. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विक्री असेल तर ती सीजीएसटी आणि एसजीएसटी अशी अर्धी-अर्धी विभागते. दुसऱ्या राज्यात माल पाठवला तर पूर्ण रक्कम आयजीएसटी.
- खरेदी किंमत: होलसेलवाल्याला दिलेली. हीसुद्धा टॅक्ससह किंवा टॅक्सशिवाय.

या पाचांपैकी कोणतीही गोष्ट ‘प्राइस’ नावात बसते. म्हणून ते नाव धोकादायक.

आधी गणित: आतला टॅक्स कसा काढायचा?

नाव नीट द्यायचं तर गणित पक्कं हवं. बरेच जण इथे चुकतात.

टॅक्स वरून लावायचा असेल तर सोपं आहे. ५०० वर १८ टक्के म्हणजे ९०. एकूण ५९०.

टॅक्स आतून काढायचा असेल तर ५९० मधून १८ टक्के वजा करायचे नाहीत! तसं केलं तर ४८३ रुपये ८० पैसे येतात, आणि खरं उत्तर ५०० आहे. कारण १८ टक्के ५०० वर लागले होते, ५९० वर नाही.

बरोबर सूत्र सीजीएसटी नियमांमधल्या नियम ३५ मध्येच दिलेलं आहे:

कराची रक्कम = करासह किंमत × दर ÷ (१०० + दर)

म्हणजे ५९० × १८ ÷ ११८ = ९०. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पटकन बघायचं असेल तर ५९० ला १.१८ ने भागा, टॅक्सआधीची किंमत मिळेल. ५ टक्क्यांसाठी १.०५ ने.

ही नावं टाळा

प्राइस, रेट, अमाउंट: काहीच सांगत नाहीत. आमच्याकडे तर ‘रेट’ चे दोन अर्थ एका रस्त्याच्या दोन टोकांना आहेत. जालन्याच्या होलसेल काउंटरवर रेट म्हणजे टॅक्सशिवाय, देऊळगाव राजाच्या दुकानात रेट म्हणजे टॅक्ससह. शिवाय सॉफ्टवेअरमध्ये ‘रेट’ म्हणजे टॅक्सचा दरही असू शकतो.

नेट आणि ग्रॉस: पुस्तकात हे शब्द ठीक आहेत. युरोपात, उदाहरणार्थ जर्मनीत, बिलावर ‘नेटो’ म्हणजे टॅक्सशिवाय आणि ‘ब्रुटो’ म्हणजे टॅक्ससह. पण आपल्या बाजारात ‘नेट किती द्यायचे?’ विचारलं तर त्याचा अर्थ सगळं धरून शेवटची रक्कम किती. म्हणजे अगदी उलट! शाळेच्या विज्ञानात नेट म्हणजे निव्वळ, पगारात नेट म्हणजे हातात येणारा. वाचणारा कोणता अर्थ घेईल याचा भरवसा नाही.

बेस प्राइस: टॅक्सआधीची? सवलतीआधीची? की खरेदीची?

फायनल, टोटल: कशाची टोटल? एका नगाची, बिलातल्या एका ओळीची, की पूर्ण बिलाची?

आफ्टर टॅक्स: टॅक्स लावल्यानंतरची की टॅक्स काढून घेतल्यानंतरची? पगाराच्या बाबतीत ‘आफ्टर टॅक्स’ म्हणजे टॅक्स कापून उरलेली रक्कम. किमतीच्या बाबतीत बहुतेक लोक टॅक्स मिळवून झालेली समजतात.

जीएसटी: हा दर आहे की रक्कम? १८ की ९०? की सीजीएसटीचे ९ टक्के?

एमआरपी (विक्री किमतीसाठी): दिवाळीत ५९० चा चार्जर ५३१ ला विकला की हे नाव खोटं पडतं.

चांगलं नाव कसं बनवायचं? चार प्रश्न

फील्डला नाव देण्याआधी स्वतःला हे चार प्रश्न विचारा.

१. टॅक्स आत आहे की बाहेर? हे नावातच आलं पाहिजे. बरेच डेव्हलपर ‘इन्क्ल_टॅक्स’ आणि ‘एक्स्क्ल_टॅक्स’ लिहितात. अर्थ बरोबर आहे, पण मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. ‘विथ’ आणि ‘विदाउट’ चंही तेच. मी आता ‘विथ_टॅक्स’ आणि ‘बिफोर_टॅक्स’ वापरतो. दोन्हींची सुरुवात वेगळी, लांबी वेगळी, नजर चुकत नाही. तुमच्या टीमने ‘इन्क्ल’ आणि ‘एक्स्क्ल’ ठरवलं असेल तर तेच चालू द्या, फक्त सगळीकडे एकच जोडी हवी.

२. किती नगांची? एका नगासाठी ‘यूनिट’, बिलातल्या ओळीसाठी ‘लाइन’, पूर्ण बिलासाठी ‘बिल’ किंवा ‘इन्व्हॉइस’.

३. सवलतीआधी की नंतर? चार्जरवर ५० रुपये सवलत दिली. ५९० मधून वजा केली तर गिऱ्हाईक ५४० देईल. टॅक्सआधीच्या ५०० मधून वजा केली तर ४५० वर टॅक्स लागून ५३१ होतील. नगामागे ९ रुपयांचा फरक. म्हणजे सवलतीच्या फील्डलाही ‘विथ_टॅक्स’ किंवा ‘बिफोर_टॅक्स’ जोडावं लागतं.

४. एकक काय? रुपये, पैसे की टक्के? ‘टॅक्स_रेट’ मध्ये कुणी १८ भरेल, कुणी ०.१८. नाव ‘टॅक्स_रेट_पर्सेंट’ ठेवलं की वाद संपला.

मामाच्या अॅपमध्ये आज अशी नावं आहेत:

- एमआरपी_विथ_टॅक्स
- यूनिट_प्राइस_विथ_टॅक्स
- यूनिट_प्राइस_बिफोर_टॅक्स
- यूनिट_कॉस्ट_बिफोर_टॅक्स
- लाइन_डिस्काउंट_विथ_टॅक्स
- लाइन_टॅक्सेबल_व्हॅल्यू
- लाइन_सीजीएसटी_अमाउंट, लाइन_एसजीएसटी_अमाउंट, लाइन_आयजीएसटी_अमाउंट
- टॅक्स_रेट_पर्सेंट
- बिल_राउंड_ऑफ
- बिल_टोटल_विथ_टॅक्स

नावं लांब आहेत, मान्य. पण टाइप तुम्ही एकदाच करता, वाचतात मात्र शंभर वेळा. आणि फोनचा कीबोर्ड असो की कोड एडिटर, दोन अक्षरं टाकली की नाव समोर येतंच.

स्क्रीनवरची लेबलंही तितकीच महत्त्वाची. आतलं नाव कितीही छान असलं तरी भरणाऱ्याला फक्त लेबल दिसतं. आमच्या स्क्रीनवर आता लिहिलंय: ‘विक्री किंमत, टॅक्स धरून (गिऱ्हाईक देईल ती)’ आणि ‘जालन्याचा रेट, टॅक्स सोडून (बिलावर बघा)’. मामांना एकदाही विचारावं लागलं नाही.

मोठी सॉफ्टवेअर काय करतात?

हा प्रश्न फक्त आपल्या गावाचा नाही. अमेरिकेत दुकानातल्या वस्तूवर सहसा टॅक्सशिवायची किंमत असते आणि सेल्स टॅक्स काउंटरवर लागतो. युरोपीय संघात १९९८ च्या निर्देशानुसार ग्राहकाला दाखवायची किंमत टॅक्ससह असते. दोन ठिकाणचे डेव्हलपर ‘प्राइस’ म्हटल्यावर दोन वेगळ्या गोष्टी समजतात. म्हणून मोठ्या सॉफ्टवेअरनी वेगवेगळे उपाय काढले:

- जॅंगो ऑस्कर या ई-कॉमर्स फ्रेमवर्कमध्ये किमतीला दोन वेगळी नावं आहेत: ‘एक्स्क्ल टॅक्स’ आणि ‘इन्क्ल टॅक्स’. सोबत टॅक्स माहीत आहे की नाही हे सांगणारं तिसरं फील्डही आहे.
- वूकॉमर्स सुरुवातीलाच सेटिंगमध्ये विचारतं, की तुम्ही किमती टॅक्स धरून भरणार की सोडून.
- शॉपिफाय ऑर्डरवर ‘टॅक्सेस इन्क्लूडेड’ असं हो किंवा नाही ठेवतं.
- स्ट्राइप किमतीला ‘टॅक्स बिहेवियर’ जोडतं. त्याला तीन उत्तरं आहेत: इन्क्लूसिव्ह, एक्स्क्लूसिव्ह आणि अनस्पेसिफाइड, म्हणजे अजून ठरलेलं नाही.

म्हणजे मार्ग दोन. एक, नावातच टॅक्स सांगा. दोन, किमतीशेजारी खूण ठेवा. दुसऱ्या मार्गात एक धोका आहे. कुणी किंमत कॉपी करून दुसऱ्या शीटमध्ये नेली आणि खूण मागेच राहिली, की पुन्हा तोच घोळ. छोट्या अॅपसाठी म्हणून मला नावातला मार्ग सुरक्षित वाटतो.

आपल्या सरकारचंही एक उदाहरण आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या व्यवसायांना, दुसऱ्या व्यवसायाला माल विकताना, ई-इन्व्हॉइस काढावं लागतं. त्याच्या ठरलेल्या नमुन्यात प्रत्येक ओळीसाठी यूनिट प्राइस, एकूण रक्कम, सवलत, करपात्र रक्कम, जीएसटी दर, तिन्ही करांच्या रकमा आणि शेवटी ओळीची एकूण किंमत अशी वेगवेगळी फील्ड आहेत. राउंड ऑफसुद्धा वेगळं. तुमचं अॅप छोटं असलं तरी हा क्रम डोळ्यांसमोर ठेवा. उद्या दुकान वाढलं तर फील्ड जुळवायला त्रास होणार नाही.

२२ सप्टेंबर २०२५: त्या दिवशी काय झालं?

त्या दिवशी घटस्थापना होती. आश्विनात आमच्याकडे बालाजी महाराजांची यात्रा भरते, त्यामुळे नवरात्र म्हणजे दुकानांसाठी हंगाम. नेमके त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं. वह्या आणि पेन्सिली १२ वरून शून्यावर. मोबाइल फोन मात्र १८ टक्क्यांवरच राहिले.

समजा एक शाम्पू टॅक्ससह ११८ ला होता. टॅक्सआधी १००. नव्या दराने तो १०५ ला मिळायला हवा. पण अॅपमध्ये फक्त ‘प्राइस ११८’ असेल आणि तुम्ही दर १८ चा ५ केला, तर गिऱ्हाईक ११८ च देत राहील, आणि अॅप आतून ११२ रुपये ३८ पैसे करपात्र मूल्य दाखवेल. टॅक्स कमी झाला, पण गिऱ्हाइकाला काही मिळालं नाही, आणि हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आमच्याकडे तोपर्यंत नावं सुधारली होती. मी टॅक्सआधीची किंमत तीच ठेवली, दर बदलला आणि करासह किंमत नव्याने काढली. मामांनी यादी डोळ्यांखालून घातली. काम एका संध्याकाळी झालं.

यातून दोन नियम शिकलो. पहिला, कोणती किंमत मूळ आणि कोणती त्यावरून काढलेली, हे ठरवून लिहून ठेवा. दोन्ही हाताने भरू देऊ नका, नाहीतर कधीतरी त्या जुळणार नाहीत. दुसरा, झालेल्या बिलात त्या दिवसाचा दर आणि रकमा कायमच्या साठवा. २१ सप्टेंबरचं बिल आज उघडलं तरी त्यात १८ टक्केच दिसले पाहिजेत.

शून्य, लागू नाही आणि माहीत नाही

टॅक्स रिकामा असेल तर त्याचे तीन अर्थ होतात:

- शून्य: वहीसारखी वस्तू, दर ० टक्के.
- लागू नाही: दुकान कंपोझिशन योजनेत असेल तर गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेताच येत नाही. बिलाऐवजी ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यावं लागतं आणि त्यात टॅक्सची ओळ नसते.
- माहीत नाही: अजून कुणी भरलेलंच नाही.

तिन्हींसाठी ० ठेवलं तर न भरलेल्या वस्तू टॅक्सशिवाय विकल्या जातील. आमच्या अॅपमध्ये दर रिकामा असेल तर बिलच बनत नाही, आधी दर विचारतं. थोडा वेळ जातो, पण नंतरचा मनस्ताप वाचतो.

पैशांचा हिशेब आणि राउंड ऑफ

करासह १०० रुपये, दर १८. टॅक्सआधीची किंमत ८४.७४५…, म्हणजे ८४.७५. त्यावर ९ टक्के ७.६३, दोनदा. बेरीज १००.०१! एक पैसा जास्त.

उपाय नियम ३५ च्या क्रमातच आहे. आधी टॅक्स काढा: १०० × ९ ÷ ११८ = ७.६३, दोनदा, म्हणजे १५.२६. मग १०० मधून वजा करा: ८४.७४. आता बेरीज बरोबर १०० येते.

आणखी एक. बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांमध्ये ०.१ + ०.२ चं उत्तर नेमकं ०.३ येत नाही, पुढे लांबलचक शेपूट लागते. म्हणून रक्कम पैशांत, पूर्ण आकड्यात साठवा. ५९० रुपये म्हणजे ५९०००. पण मग नावाच्या शेवटी ‘_पैसे’ लावायला विसरू नका, नाहीतर कुणीतरी चार्जर ५९ हजारांना विकेल.

जुन्या अॅपमधलं नाव कसं बदलायचं?

माझी चूक हीच होती, की मी नाव तसंच ठेवून अर्थ बदलला. तसं करू नका. हा क्रम वापरा:

1. जुनं ‘प्राइस’ कुठे भरलं जातं आणि कुठे वाचलं जातं, त्या सगळ्या जागा शोधा. बिल, रिपोर्ट, व्हॉट्सअॅपवर जाणारी यादी, सगळं.
2. नव्या नावाची फील्ड जोडा. जुन्याला हात लावू नका.
3. एकेक वस्तू डबा किंवा खरेदी बिल बघून नव्या फील्डमध्ये भरा. अंदाजाने भरू नका. कळत नसेल तर रिकामं ठेवा.
4. एकेक स्क्रीन नव्या फील्डवर आणा आणि प्रत्येक वेळी ५०० + ९० = ५९० दोन्ही बाजूंनी तपासा.
5. जुनं कुणीच वाचत नाही याची खात्री झाली की ते काढून टाका.
6. जुनी बिलं पुन्हा मोजू नका.

आमच्याकडे सुमारे चारशे वस्तू होत्या. मी आणि मामांनी दोन रविवार बसून त्या तपासल्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एमआरपीवर वेगळा जीएसटी घेतला तर?
चालत नाही. एमआरपीत सगळे टॅक्स आलेले असतात.

माझं बिल बरोबर आहे का, कसं तपासू?
करपात्र मूल्य, सीजीएसटी आणि एसजीएसटीची बेरीज करा. ती शेवटच्या रकमेशी जुळली पाहिजे, फार तर राउंड ऑफचा फरक. मग शेवटची रक्कम छापील किमतीपेक्षा जास्त नाही ना ते बघा.

फील्डची नावं मराठीत ठेवली तर?
पायथन ३ आणि जावास्क्रिप्टमध्ये देवनागरी नावं चालतात. पण टाइप करणं आणि दुसऱ्या डेव्हलपरला समजणं अवघड जातं. कोडमध्ये इंग्रजी, स्क्रीनवर मराठी, हे सोयीचं.

मी फक्त शीट वापरतो, मग?
कॉलमच्या शीर्षकात लिहा: ‘विक्री किंमत (टॅक्स धरून, १ नग, रुपये)’. एवढं केलं तरी अर्धं काम झालं.

शेवटी एवढंच

आज तुमच्या फोनमधली एखादी शीट किंवा अॅप उघडा आणि ‘प्राइस’, ‘रेट’, ‘अमाउंट’ असं एकटं नाव शोधा. सापडलं तर दुकानात बसणाऱ्याला, हिशेब बघणाऱ्याला आणि कोड लिहिणाऱ्याला वेगवेगळं विचारा, की यात टॅक्स धरलाय का? तिघांचं उत्तर एक आलं तर छान. वेगळं आलं तर नाव आजच बदला. आम्ही हा प्रश्न तीन महिने उशिरा विचारला.